आगमन, प्रस्थान आणि मधला मजकूर

नेत्याच्या दौऱ्याचे मराठी वृत्त दोन शब्दांवर उभे असते : आगमन आणि प्रस्थान. घरी बसून दूरचित्रवाणीवर दौरा पाहणाऱ्याच्या वाट्यालाही तेवढेच येते. हेलिकॉप्टर उतरते, पुष्पगुच्छ दिले जातात, ताफा निघतो. काही तासांनी हाच क्रम उलटा दिसतो. मध्ये काय घडले आणि ते कोणाला भोगावे लागले, याचा हिशेब क्वचितच मिळतो. ही केवळ पत्रकारितेची उणीव नाही. भाषेने सत्तेपुढे पत्करलेली ही शरणागती आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रोहे तालुक्यातील निडीसारख्या गावात बसून हे म्हणण्यास कारण आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी आमच्याच रायगड जिल्ह्यात, खारघर येथे, केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या हस्ते अप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्रभूषण पुरस्कार देण्यात आला. धर्माधिकारींचे रेवदंडा याच जिल्ह्यातले. तेव्हा हा सोहळा येथे घरोघरी पाहिला जाणे स्वाभाविकच होते. व्यासपीठावर छत होते, समोरचा अफाट जनसमुदाय उघड्या मैदानात उन्हात बसला होता. उष्माघाताने चौदा जणांचे प्राण गेले. घरच्या प्रेक्षकाला मंच दिसला. मैदानाची वार्ता मागाहून आली.

अशा वेळी मराठी बातमीला हमखास सुचणारा शब्द म्हणजे ‘गालबोट’. हा शब्द जरा तपासून पाहावा. गालबोट लावतात ते गोजिऱ्या चेहऱ्याला, दृष्ट लागू नये म्हणून. सोहळ्याला मृत्यूंचे गालबोट लागले असे लिहिताच सोहळा हा चेहरा ठरतो आणि मेलेली माणसे काजळाचा ठिपका. यात वाक्प्रचाराचा दोष नाही. तो कोणत्या बाजूला उभे राहून वापरला, हा प्रश्न आहे.

‘प्रस्थान’ या शब्दाचीही हीच गत. ज्येष्ठ वद्यात देहू-आळंदीहून पालख्यांचे प्रस्थान होते, तेव्हा निघणाऱ्याबरोबर समाज निघतो. ऊन-पाऊस सर्वांना सारखाच असतो. शासकीय कार्यक्रमपत्रिकेतल्या प्रस्थानात मात्र एकच माणूस निघतो आणि समाज मागे अडथळ्यांच्या कठड्याआड उरतो. एवढा भरलेला शब्द इतका रिकामा करून वापरताना आपल्याला काहीच कसे खटकत नाही?

पाहुण्याचा मान राखणे ही आपली रीत आहे, हा आक्षेप आम्हास ठाऊक आहे. रीत मान्यच आहे; पण मान पाहुण्यानेही राखायचा असतो. ६ डिसेंबर २०२१ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद रायगडावर आले. हेलिकॉप्टर गडावर उतरल्यास धूळ शिवरायांच्या पुतळ्यावर उडेल, असा शिवभक्तांचा आक्षेप होता. राष्ट्रपती रोपवेने गडावर गेले. राष्ट्रपतिपदाचा मान त्यामुळे तसूभरही उणावला नाही.

स्वागताच्या थाटाने आगमन स्मरणीय होते, हाही भ्रमच. पंचम जॉर्ज २ डिसेंबर १९११ रोजी मुंबईत अपोलो बंदरावर उतरले. त्या आगमनाच्या स्मरणार्थ उभारलेले गेटवे ऑफ इंडिया खुले झाले ते १९२४ साली. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी त्याच कमानीखालून परतली. उलट मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या कुलाब्यातल्या, महाडला आले, ते आगमन आज कोणी वेगळे सांगत नाही. सांगतात ते २० मार्चला ते सहकाऱ्यांसह चवदार तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्यायले, हे. त्या भेटीत मधला मजकूर होता, म्हणून ती इतिहास झाली.

महाविद्यालयांतून व्यावहारिक मराठीत वृत्तलेखन शिकवले जाते. तेथे आमचा आग्रह एवढाच : दौऱ्याच्या बातमीचे पहिले वाक्य येणाऱ्याचे नसावे, वाट पाहणाऱ्यांचे असावे. ते किती वेळ थांबले, कशात थांबले, त्यांनी काय मागितले, त्यांना काय मिळाले, हे आधी लिहावे. पाहुणा केव्हा आला आणि केव्हा गेला, ते शेवटच्या ओळीत सांगितले तरी चालेल.