एक लाख रुपये, चार वर्षं आणि एक अवघड प्रश्न



मागच्या लेखानंतर आपल्याच एका कॉलेजात शिकणाऱ्या वाचकाने मला विचारलं, "काका, भ्रष्टाचारात शिक्षा झालेल्या पुढाऱ्यावर अन्याय झाला असं म्हणणारे लोक नेहमी त्याच्याच पक्षाचे का असतात? पक्ष बाजूला ठेवून हा प्रश्न विचारताच येत नाही का?"

प्रश्न आवडला. उत्तरासाठी लांब जायची गरज नाही. आपल्या हैदराबादचंच एक उदाहरण आहे, पण आज पंचविशीच्या आतल्या मुलांनी ते नावही क्वचितच ऐकलं असेल: बंगारू लक्ष्मण.

थोडी ओळख करून देतो. जन्म १९३९ चा, हैदराबादचाच. राज्यसभेवर ते गुजरातमधून गेले होते, वाजपेयी सरकारात रेल्वे राज्यमंत्री होते. ऑगस्ट २००० मध्ये ते भारतीय जनता पक्षाचे अध्यक्ष झाले, त्या पदावर बसलेले पहिले दलित नेते. नागपूरच्या अधिवेशनात त्यांनी पक्षाने दलितांपर्यंत आणि मुसलमानांपर्यंत पोचलं पाहिजे असं मोकळेपणाने सांगितलं, तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली होती.

आणि मग १३ मार्च २००१ ची ती संध्याकाळ. 'तहलका' नावाच्या वेबसाइटच्या पत्रकारांनी 'वेस्ट एंड' नावाची एक खोटी कंपनी उभी केली होती. लंडनच्या शस्त्रविक्रेत्या कंपनीची माणसं म्हणून ते दिल्लीत अधिकाऱ्यांना आणि पुढाऱ्यांना भेटत होते, अंगावर छुपे कॅमेरे लावून. त्या दिवशी सगळ्या वाहिन्यांवर धूसर चित्रं दिसली. सत्ताधारी पक्षाचा अध्यक्ष टेबलापलीकडे बसलाय, समोरून नोटा येतात, त्या खणात जातात. रक्कम एक लाख रुपये. लष्कराला 'थर्मल इमेजर' विकण्यासाठी शब्द टाकावा, असा तो मामला होता. लक्ष्मण यांनी लगेच अध्यक्षपद सोडलं.

आमच्या काचीगुड्याच्या गल्लीत दुसऱ्या दिवशी दोनच प्रतिक्रिया होत्या. एक, "फक्त एक लाख?" आणि दुसरी, "आपल्या गावच्या माणसालाच नेमकं पकडलं." दोन्ही ऐकून मला तेव्हा हसू आलं होतं. आज वाटतं, त्या दोन वाक्यांत पुढच्या सगळ्या वादाचं मूळ होतं.

आता एकेक प्रश्न सुटा करून बघू.

पहिला प्रश्न: त्यांनी पैसे घेतले का? हो. चित्रफीत होती. पुढची रक्कम डॉलरमध्ये देण्याबद्दलचं बोलणं होतं. त्यांचे स्वीय सचिव पुढे माफीचे साक्षीदार झाले. पैसे पक्षनिधीसाठी होते, हे लक्ष्मण यांचं म्हणणं न्यायालयाने मानलं नाही. २७ एप्रिल २०१२ ला दिल्लीच्या विशेष सीबीआय न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी चार वर्षांची शिक्षा आणि एक लाखाचा दंड सुनावला. कलम होतं भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं नववं: सरकारी माणसावर आपलं वजन वापरण्यासाठी पैसे घेणं. इथे कंपनी खोटी होती, यंत्रं खोटी होती, पण वजन वापरण्याच्या बोलीवर घेतलेले पैसे खरे होते. कायद्याला तेवढं पुरतं.

म्हणून "फक्त एक लाख?" हा बचाव मला कधीच पटला नाही. देशाच्या सैन्यासाठी काय खरेदी व्हावं, हे जिथे ठरतं तिथे शब्द टाकायचा भाव लाख असो की कोटी, विकली जाणारी वस्तू तीच असते.

दुसरा प्रश्न जास्त अवघड: सापळा योग्य होता का? इथे आपल्याकडे मोठा गोंधळ असतो. एसीबीवाले लाचखोराला पकडतात ती पद्धत तुम्ही बातम्यांत वाचली असेल. आधी कुणीतरी तक्रार करतो की अमुक साहेब माझ्याकडे पैसे मागतोय. मग नोटांचे नंबर लिहून घेतात, त्यांना फिनॉलफ्थॅलिनची पावडर लावतात, पंच सोबत नेतात. पैसे घेतल्यावर साहेबांचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. या सगळ्यात महत्त्वाची गोष्ट गुलाबी पाणी नाही. महत्त्वाचं हे की मागणी आधी झालेली असते, सापळा नंतर लावला जातो.

लक्ष्मण यांच्या बाबतीत क्रम उलटा होता. त्यांच्याविरुद्ध कुणाची तक्रार नव्हती. मोह तयार करून त्यांच्यापुढे नेऊन ठेवला होता. माणूस कितीही वाकडा असला तरी त्याला ताकदीपलीकडच्या मोहात मुद्दाम पाडून गुन्हा करायला लावणं बरोबर नाही, विशेषतः कायद्याच्या रखवालदारांनी तर नाहीच, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५६ सालीच म्हणून ठेवलंय. अमेरिकेत तर असा बचाव आरोपीला थेट घेता येतो. तिथे सरकारला दाखवावं लागतं की या माणसाची आधीपासूनच तयारी होती, आम्ही नुसती संधी दिली. आपल्याकडे असा सरळ बचाव कायद्यात नाही.

पण इथे पोलिस नव्हते, पत्रकार होते. मग पत्रकारांना सूट का? याचं उत्तर २०१४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका स्टिंगच्या खटल्यात दिलं: लोकहितासाठी केलं असं म्हटल्याने स्टिंग करणाऱ्याचा गुन्हा आपोआप पुसला जात नाही, प्रत्येक प्रकरणात हेतू तपासावा लागेल. मला हे योग्य वाटतं. तहलकाने त्याच मोहिमेत काही लष्करी अधिकाऱ्यांपर्यंत पोचण्यासाठी वेश्यांचाही वापर केला होता, हे नंतर बाहेर आलं तेव्हा त्यांच्या चाहत्यांनाही धक्का बसला होता.

तरीही माझं मत सांगतो. सत्ताधारी पक्षाचा अध्यक्ष हा उपाशीपोटी पाव चोरणारा माणूस नव्हे. त्याच्यापुढे नोटांचं पुडकं ठेवलं तर त्याला "उठा आणि चालते व्हा" म्हणायची ताकद असायलाच हवी. ती ताकद हीच त्या खुर्चीची पात्रता. त्यामुळे सापळ्याबद्दल पत्रकारांना प्रश्न विचारू, जरूर विचारू, पण त्याने लक्ष्मण निर्दोष होत नाहीत.

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते खरा: त्यांना इतरांसारखंच वागवलं का?

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचं वाक्य आठवतं. ते दलित समाजातले, बँकेतून निवृत्त झालेले, लक्ष्मण यांच्या पक्षाला कधीही मत न देणारे. ते म्हणाले होते, "पैसे घेतले हे वाईटच. पण आमच्या माणसाला त्या खुर्चीत बसायला पन्नास वर्षं लागली आणि उतरायला एक संध्याकाळ पुरली. बाकीच्यांना एवढी घाई कधी दिसली नाही."

हे फक्त भावनेचं बोलणं आहे का, ते तपासून बघा. त्याच तहलका प्रकरणात संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी राजीनामा दिला. ते स्वतः चित्रफितीत पैसे घेताना दिसले नव्हते हे खरं, पण त्यांच्या पक्षाध्यक्षा जया जेटली यांचं बोलणं संरक्षणमंत्र्यांच्याच सरकारी बंगल्यात टिपलं गेलं होतं. चौकशी आयोगाचं काम चालू असतानाच, ऑक्टोबर २००१ मध्ये, फर्नांडिस पुन्हा संरक्षणमंत्री झाले. जेटली यांच्या खटल्याचा निकाल लागला जुलै २०२० मध्ये, म्हणजे एकोणीस वर्षांनी. शिक्षा तीच, चार वर्षं. आणि त्याच दिवशी उच्च न्यायालयाने तिला स्थगितीही दिली.

लक्ष्मण यांच्याच पक्षातले दिलीपसिंह जुदेव घ्या, जशपूरच्या राजघराण्यातले. २००३ मध्ये केंद्रात मंत्री असताना पैसे घेतानाची त्यांची चित्रफीत बाहेर आली. मंत्रिपद गेलं, त्यांनी तो कट असल्याचं सांगितलं. २००९ मध्ये त्याच पक्षाच्या तिकिटावर ते बिलासपूरहून लोकसभेवर निवडून आले. २०१३ मध्ये ते गेले, तोवर शिक्षा झालेली नव्हती. मी वर जो २०१४ चा निकाल सांगितला, तो त्यांच्या स्टिंगच्या प्रकरणातलाच.

काँग्रेसचे सुखराम यांच्या घरांतून १९९६ मध्ये सीबीआयला साडेतीन कोटींहून जास्त रोकड सापडली. दोनच वर्षांत ते हिमाचलात स्वतःचा पक्ष काढून भाजपबरोबर सत्तेत बसले. शिक्षा झाल्या, पण फार उशिरा.

म्हणजे पक्ष कुठलाही असो, ज्यांच्यामागे घराणं, जात, मतदारसंघ किंवा आघाडीचं गणित होतं, त्यांना परत यायला दार उघडं राहिलं. लक्ष्मण यांच्या पक्षाने २००४ मध्ये त्यांच्या पत्नींना राजस्थानातल्या जालोरमधून तिकीट दिलं, त्या बुटासिंगांना हरवून निवडूनही आल्या. तेव्हा पक्षाने अगदीच वाऱ्यावर सोडलं असं नाही म्हणता येणार. पण स्वतः लक्ष्मण पुन्हा पुढच्या रांगेत कधीच दिसले नाहीत. हे सगळं केवळ जातीमुळे झालं असं मी म्हणणार नाही. त्यांचं चित्र घराघरांत दिसलं होतं, हेही कारण होतंच. पण जातीचा काहीच संबंध नव्हता असं छातीठोकपणे म्हणायला मी तयार नाही.

आणि विलंबाचं काय? घटना जानेवारी २००१ ची. सीबीआयने गुन्हा नोंदवला सरकार बदलल्यावर, २००४ च्या डिसेंबरमध्ये. आरोपपत्र २००६ मध्ये, शिक्षा २०१२ मध्ये. त्या कलमाखाली तेव्हा सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा देता येत होती. चार वर्षं झाली तेव्हा त्यांचं वय ७३ होतं. ते अपिलात गेले, जामीन मिळाला आणि १ मार्च २०१४ ला त्यांचं निधन झालं. अपिलाचा निकाल त्यांनी पाहिलाच नाही. हाच खटला २००३ मध्ये संपला असता तर शिक्षा भोगून किंवा सुटून, काहीतरी एक अंतिम उत्तर घेऊन ते जगले असते. ते उत्तर त्यांना मिळालं नाही, आणि आपल्यालाही नाही. उशिराचा त्रास आरोपीला होतो तसा जनतेलाही होतो, हे आपण विसरतो.

मग माझं उत्तर काय? शिक्षा चुकीची नव्हती, वागणूक समान नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. आपल्या घरातल्या वादांत आपण नेमकं इथेच घसरतो. कुणी म्हणतं, "बाकीचे सुटले, मग यालाच का?" आणि त्यावरून हा निर्दोष ठरतो. दुसरा म्हणतो, "दोषी आहे ना, मग झालं तर!" आणि बाकीचे का सुटले हा प्रश्न तिथेच मरतो. पहिल्याला गुन्हा दिसत नाही, दुसऱ्याला पक्षपात. दोघांच्या भांडणात खरा फायदा होतो तो न पकडल्या गेलेल्यांचा.

तेव्हा पुढच्या वेळी घरी जेवताना असा विषय निघाला की तीन प्रश्न वेगवेगळे विचारून बघा: त्याने केलं का? पकडण्याची रीत योग्य होती का? आणि असंच करणाऱ्या इतरांनाही हेच नियम लावले का? तिसऱ्याचं उत्तर "नाही" आलं, तर याला सोडा असं म्हणू नका. बाकीच्यांचं काय झालं ते विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे तिन्ही प्रश्न आधी आपल्या आवडत्या पक्षाच्या माणसाबद्दल विचारा. तिथे जमलं, तर कुठेही जमेल.

तुमच्या घरी काय उत्तरं आली ते मला जरूर कळवा. माझ्याशी सहमत नसाल तर आधी कळवा!