पहिल्या भागाची पत, दुसऱ्या भागाची कसोटी



व्यापारी घरांत चित्रपटाची चर्चादेखील मालाच्या चर्चेसारखीच रंगते. माल कसा निघाला, दाम वसूल झाले का आणि पुन्हा याच दुकानाची पायरी चढावी का, हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज बैठक मोडत नाही. गाजलेल्या चित्रपटाचा दुसरा भाग आला की हे प्रश्न अधिकच धारदार होतात. दुसरा भाग नेहमी पहिल्याच्या नावावर विकला जातो. प्रेक्षक तिकिटाचे पैसे मोजतो, तो आधी घेतलेल्या मालाच्या भरवशावर.

'एबीसीडी' हा रेमो डिसूझा दिग्दर्शित चित्रपट २०१३ साली आला. नाचणे कुणालाही जमू शकते, असे सांगणाऱ्या इंग्रजी वाक्याची आद्याक्षरे म्हणजे त्याचे नाव. प्रभुदेवा यांनी त्यात विष्णू हा नृत्यशिक्षक रंगविला होता. त्याचा दुसरा भाग १९ जून २०१५ रोजी प्रदर्शित झाला. वरुण धवन आणि श्रद्धा कपूर ही लोकप्रिय जोडी त्यात आली, प्रभुदेवा होतेच, आणि चित्रपटाने शंभर कोटींहून अधिक गल्ला जमविला. तरीही चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्यांचे मत दुभंगलेले होते. नाच पाहून डोळे दिपले, असे बहुतेकांनी म्हटले. कथा पातळ आहे आणि चित्रपट लांबला आहे, असेही त्यांतील अनेकांनी म्हटले.

गेल्या महिन्यात एका रविवारी हा चित्रपट आमच्या घरी पुन्हा पाहिला गेला. निमित्त मात्र सुखाचे नव्हते.

माझा पुतण्या आठवीत आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याच्या गटाने हिप-हॉप नाच सादर केला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. निकाल जाहीर होण्यापूर्वी कुणीतरी परीक्षकांना मोबाइलवर एक चित्रफीत दाखविली. परदेशातील एका गटाचा तोच नाच, तीच पावले, शेवटची उभे राहण्याची पद्धतही तीच. परीक्षकांनी व्यासपीठावरूनच सांगितले, "ही रचना तुमची नाही." बक्षीस गेले, त्याचे एवढे दुःख नव्हते, पण दुसऱ्या दिवसापासून वर्गात त्याला 'कॉपी' हे नाव पडले. मुलाने सराव सोडला. संध्याकाळी दुकानात येऊन गल्ल्यापाशी बसण्याची त्याची आवड होती, तीही थांबली.

'एबीसीडी २'चा आरंभच अशा आरोपाने होतो, हे त्याच्या थोरल्या बहिणीच्या लक्षात होते. तिनेच तो लावला. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपावयाची असल्याने आम्ही दुपारीच बसलो.

चित्रपट संपल्यावर मतांची फैर झडली. बाबूजी म्हणाले, "गोष्ट चार ओळींची आणि चित्रपट अडीच तासांचा. एवढ्या वेळात मी दोन गावांची उधारी वसूल करून आलो असतो." भाईसाहेबांना पहिला भाग अधिक सच्चा वाटला होता, दुसऱ्यात झगमगाट वाढला आणि वस्तीचा वास गेला, असे त्यांचे म्हणणे. भाभींना पाय दुखावलेल्या नायिकेचे वाईट वाटले. पुतणीने प्रभुदेवांच्या एकट्याच्या नाचाला पूर्ण गुण दिले. अखेरच्या नाचातील देशभक्तीचा रंग दादीजींना भावला, भाईसाहेबांना तो बेतलेला वाटला. पुतण्या मात्र गप्प होता. सर्वांचे बोलून झाल्यावर त्याने विचारले, "पण त्यांनी चोरी केली, ती का केली? ते तर कुणी बोलतच नाही."

मला वाटते, त्या दिवशी चित्रपटाचे सर्वांत नेमके परीक्षण त्यानेच केले. गमावलेले नाव परत मिळविण्यासाठी बंगळूर ते लास व्हेगास असा लांबचा प्रवास चित्रपट दाखवितो. पण ते गमावले कसे, यावर तो फारसा थांबत नाही. पहिल्या भागाशी ताडून पाहिले तर ही उणीव अधिक जाणवते. तेथे अंतिम फेरीच्या तोंडावर प्रतिस्पर्धी गट आपल्या नायकांचा नाच चोरून आधीच सादर करतो. हातातला माल लुटला गेल्यावर ती मुले ऐनवेळी गणपतीच्या तालावर नवा नाच उभा करतात आणि प्रेक्षकांची मने जिंकतात. म्हणजे पहिल्या भागात ज्यांच्याकडे चोरी झाली त्यांची बाजू होती, आणि दुसऱ्यात ज्यांच्यावर चोरीचा ठपका आला त्यांची. ही उलटापालट मोलाची आहे. ज्याच्याकडे चोरी झाली त्याच्याबद्दल सहानुभूती सहज वाटते. ज्याने उचलले त्याला परत उभे करणे कठीण. दुसऱ्या भागाने अवघड हिशेब हाती घेतला, पण खतावणीचे पहिले पान घाईत उलटले.

रस्त्यावरचा हा नाच जेथे जन्मला तेथेही या प्रश्नाला फार मान आहे. १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, गरीब वस्तीतील तरुणांच्या मेळाव्यांत हिप-हॉपचा उगम झाला. गाण्यातील तालाचा मोकळा तुकडा वाजू लागला की तरुण रिंगणात उतरत आणि एकमेकांशी नाचाचा सामना करीत. मूळची पावले सर्वांची. ती थोरांकडून शिकावीत, घोटावीत, यात कमीपणा नाही. परंतु दुसऱ्याची खास रचना आपली म्हणून रिंगणात आणली, तर त्यांच्या बोलीत त्याला 'चावा घेणे' म्हणतात, आणि हा शब्द चिकटणे हा तेथे मोठा अपमान. आपल्या देशाच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानेही लिहून वा अन्य रीतीने पक्क्या स्वरूपात नोंदलेल्या नृत्यरचनेला नाट्यकृतीप्रमाणे संरक्षण दिले आहे. दुसऱ्याची छाप आपल्या मालावर मारू नये, हे कापडाला लागू आहे तसेच पावलांनाही.

हे सर्व मी पुतण्याला सांगू लागलो, तेव्हा बाबूजींनी मला थांबविले आणि त्यांनी कधी न सांगितलेली एक गोष्ट सांगितली.

चाळीस वर्षांपूर्वी आमच्या दुकानातून एका गिऱ्हाइकाला नामांकित गिरणीचे म्हणून दिलेले ठाण भलत्याच ठिकाणचे निघाले. माल बाहेरून तसाच आला होता. पण तो पारखून घेणे आमचे काम होते, ते झाले नव्हते. गिऱ्हाइकाने भर दुकानात सर्वांसमक्ष सुनावले. "मी म्हणू शकलो असतो की मलाच फसविले," बाबूजी म्हणाले, "ते खरेही होते. पण माप माझ्या हाताने झाले होते." त्यांनी पैसे परत केले. त्या दिवसापासून कापड फाडण्यापूर्वी काठावरचा शिक्का गिऱ्हाइकाला दाखवायचा, असा नियम त्यांनी स्वतःला घातला. कुणी मागो वा न मागो.

"ते गिऱ्हाईक परत आले?" पुतण्याने विचारले.

"तीन वर्षांनी. मुलीच्या लग्नाची खरेदी घेऊन."

त्या खोलीत मग कुणी उपदेश केला नाही. त्याची गरजही नव्हती.

या चित्रपटामागे एक खरी कथाही आहे. तो मुंबईलगतच्या वसई-नालासोपारा पट्ट्यातील सुरेश मुकुंद आणि व्हर्नन मोंटेरो यांच्या नृत्यगटावर बेतलेला आहे. २०११ साली या गटाने कलर्स वाहिनीवरील 'इंडियाज गॉट टॅलेंट'चे तिसरे पर्व जिंकले होते. चित्रपट आला त्याच वर्षी, २०१५ मध्ये, 'किंग्ज युनायटेड' या नावाने त्यांनी जागतिक हिप-हॉप स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. २०१९ मध्ये सुरेश मुकुंद यांच्या 'द किंग्ज' या गटाने अमेरिकेतील 'वर्ल्ड ऑफ डान्स' ही स्पर्धा जिंकली. बक्षीस होते १० लाख डॉलर. पडद्यावरचा दुसरा भाग अडीच तासांत संपला. या मुलांचा हिशेब मात्र पुढे चालू राहिला, आणि तो त्यांनी रोजच्या घामाने भरला.

पुतण्याने पुढच्या सोमवारी काय केले, ते मला भाभींकडून कळले. तो नृत्यशिक्षकांकडे गेला आणि ती रचना कुठून घेतली, कुणी सुचविली, इतरांना ठाऊक होते की नाही, हे सारे सांगून आला. सुचविणारा तोच होता, हेही त्याने सांगितले. आता गट पुन्हा जमू लागला आहे. अर्ध्या मिनिटाचा नाच त्यांनी स्वतः बसविला आहे. मी तो गच्चीवर पाहिला. खरे सांगायचे तर आधीच्या नाचाइतका तो सफाईदार नाही. दोन ठिकाणी मुले एकमेकांवर आदळतात.

बाबूजींनी तो दोनदा करून दाखवायला लावला. मग म्हणाले, "कच्चा आहे. पण शिक्का तुझा आहे."

त्या संध्याकाळी मुलगा बऱ्याच दिवसांनी दुकानात आला आणि गल्ल्यापाशी आपल्या जागेवर बसला.