पेपर सुटल्यावर

परीक्षेच्या दिवसांत वडीलधाऱ्यांचा एक ठरलेला उपदेश असतो. "झाला तो पेपर झाला. उत्तरे जुळवत बसू नका, पुढच्या पेपराच्या अभ्यासाला लागा." वसतिगृहाच्या बाई हेच सांगतात, वर्गावर सर हेच सांगतात आणि फेब्रुवारी उजाडला की वर्तमानपत्रांतूनही हेच छापून येते. हेतू चांगला आहे यात शंका नाही. परंतु मला हा उपदेश पटत नाही, आणि तो का पटत नाही हे या अंकाच्या निमित्ताने मांडावे असे वाटते.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीलाच संपला. पण आमच्या वसतिगृहात बारावी विज्ञानाच्या मुलीही राहतात, त्यामुळे फिजिक्सच्या पेपराची संध्याकाळ मी जवळून पाहिली आहे. (त्याला भौतिकशास्त्र म्हणणारे वसतिगृहात कोणी नाही.) बोर्डाचा ७० गुणांचा लेखी पेपर, तीन तासांचा. तो अवघड गेला की मुली हातपायही न धुता व्हरांड्यात गोल करून बसतात. मध्ये चुरगळलेली प्रश्नपत्रिका. "तुझं किती आलं?" इथून सुरुवात होते आणि जेवणाची घंटा होऊन गेली तरी कोणी उठत नाही.

गेल्या वर्षी असाच एक वाद पेटला तो नीटच्या सराव पेपरातल्या एका दगडावरून. सरळ वर फेकलेला दगड अगदी वरच्या टोकाला पोहोचतो त्या क्षणी त्याचे त्वरण किती? चौघींचे उत्तर शून्य, कारण दगड त्या क्षणी थांबलेला असतो. दोघींचे उत्तर ९.८, खालच्या दिशेने. आवाज अर्थातच चौघींचा मोठा. शेवटी वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, "अगं, वेगही शून्य आणि त्वरणही शून्य, तर मग दगड तिथंच लटकून नाही का राहणार?" व्हरांडा एकदम गप्प झाला. मी तिथे नुसती कपडे वाळत घालत होते, फिजिक्सचे पुस्तक मी उघडलेलेही नाही. पण तो हवेत लटकलेला दगड माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

वर्गात हाच प्रश्न आला असता तर सरांनी ९.८ सांगितले असते आणि साऱ्यांनी ते मुकाट्याने वहीत उतरवले असते. व्हरांड्यात तसे होत नाही. गुण मिळायचे ते मिळून गेले, जायचे ते गेले. आता कोणाची नक्कल करून काही पदरात पडणार नाही. म्हणून "किती आलं" वरून गाडी "का आलं" वर येते. वर्षभरात निव्वळ समजून घेण्यासाठी आपण कितीदा भांडतो, हे प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावे.

कोणी म्हणेल, आता क्लासवाले त्याच रात्री उत्तरांची यादी मोबाईलवर पाठवतात, मग हा गोंधळ कशाला? पण यादीत पहिला पर्याय, तिसरा पर्याय एवढेच असते. चुकले हे तिच्यातून कळते, कुठे चुकले ते नाही. शिवाय ज्यांच्या घरी विचारायला माणूस आहे त्यांचे ठीक आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली. पेपर देऊन घरी गेले की आप्पा विचारतात, "बरा गेला का?" मी म्हणते, "बरा गेला." संपले. त्यांना माझ्याविषयी कळकळ नाही असे कोण म्हणेल? पण त्या प्रश्नाच्या पुढे जायला त्यांच्याजवळ शब्द नाहीत. अशा घरांतून आलेल्या मुलींना व्हरांडा हीच शिकवणी, आणि तिची फी पडत नाही.

२०२४ च्या नीट परीक्षेत तर ही उत्तरांची जुळवाजुळव थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. ५ मे रोजी झालेल्या त्या पेपरात फिजिक्सचा एक प्रश्न अणूविषयी होता. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात, अशा अर्थाचे एक विधान त्यात होते. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकाप्रमाणे ते बरोबर, नव्याप्रमाणे चूक. कारण नव्या पुस्तकात 'प्रत्येक'च्या जागी 'बहुतेक' अशा अर्थाचा शब्द आला होता. किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात. परीक्षा घेणाऱ्या एनटीएने आधी दोन्ही उत्तरांना गुण दिले. मग २२ जुलैला न्यायालयाने दिल्लीच्या आयआयटीला तीन तज्ज्ञ नेमायला सांगितले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचे मत आले की बरोबर उत्तर एकच, नव्या पुस्तकाचे. चार लाखांहून अधिक मुलांनी जुन्या पुस्तकाचे उत्तर दिले होते. त्यांचे चार गुण गेले आणि चुकीच्या उत्तराचा एक वर कापला गेला.

शास्त्र म्हणून तो निकाल योग्यच होता. अणू काही कोणाकडे नवे पुस्तक आहे का हे पाहून स्थिर राहत नाही. पण जुनी पुस्तके वाचते कोण? ज्याला मोठ्या भावाचे पुस्तक मिळते तो. जो रद्दीच्या दुकानातून निम्म्या किमतीत घेतो तो. आमच्या वसतिगृहातल्या कपाटात अशी पुस्तके कितीतरी आहेत, एकेकीवर चार-चार मुलींची नावे खोडून लिहिलेली. पुस्तकातला एक शब्द बदलला आहे हे त्यांना कळणार कुठे? नवे पुस्तक घेतलेल्या मैत्रिणीशी भांडताना. आणि हे भांडण सराव पेपरानंतरच झाले तर खऱ्या परीक्षेतले पाच गुण वाचतील.

या जुळवाजुळवीने रडू येते, झोप उडते, दुसऱ्या दिवशीचा पेपर बिघडतो, हा आक्षेप खोटा नाही. ताट तसेच ठेवून उठलेल्या मुली मीही पाहिल्या आहेत. ज्यांना नको त्यांनी खुशाल खोलीत जाऊन झोपावे, त्यांना कोणी "तुझं किती आलं" म्हणून छळू नये. पण रडू आले ते व्हरांड्यात बसल्यामुळे की आधीच घशाशी आलेले होते, हेही पाहायला हवे.

मला खरे वाईट वाटते ते आम्हा कला शाखेच्या मुलामुलींचे. आमचा पेपर सुटला की पहिला प्रश्न, "किती पुरवण्या लावल्या?" जिने चार लावल्या तिची मान ताठ. तिने चार पुरवण्यांत काय लिहिले हे कोणी विचारत नाही. "आपल्याकडे काय, प्रत्येकाचं उत्तर वेगळं," असे म्हणून आपण मोकळे होतो. पण वर लाखो मुलांचे गुण 'प्रत्येक' आणि 'बहुतेक' या दोन शब्दांवर फिरले, ते फिजिक्सपेक्षा आमच्याच प्रांतातले नव्हेत काय?

तेव्हा प्राध्यापकांना एक विनंती आहे. शेवटचा पेपर सुटला की तासभर कोणीतरी फाटकाजवळच्या कट्ट्यावर येऊन बसावे. बरोबर उत्तर लगेच सांगू नये. आधी आम्हांला भांडू द्यावे. गावाकडची शेवटची एसटी साडेसहाला आहे, तोवर आम्ही थांबू शकतो.

— द्वितीय वर्ष, कला