फेब्रुवारीतल्या कोकणाला हिवाळा म्हणू नका

महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते, असं जुनी माणसं सांगत. २०२५ ची महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती. देवगडजवळच्या कुणकेश्वरात यात्रेची लगबग होती, मुंबईहून चाकरमानी गावाकडे निघत होते आणि नेमक्या त्याच दिवसांत हवामान खात्याने कोकणाला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता. आदल्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला पारा ३८.७ अंशांवर गेला. थंडीने शिवरात्रीची वाट पाहिलीच नव्हती.

तरीही पर्यटनाच्या जाहिराती अजून 'ऑक्टोबर ते मार्च, आल्हाददायक हवामान' याच एका ओळीवर चालतात. हवामान खात्याच्या ऋतुविभागणीतही जानेवारी-फेब्रुवारी हा हिवाळाच. देशाचा विचार केला तर ते बरोबर आहे; काश्मीर आणि केरळ यांना एका कोष्टकात बसवायचं तर दुसरं काय करणार? पण सगळा महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. इथे उन्हाळा पंचांग बघून येत नाही. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात किनाऱ्यावर निघालेल्या माणसाने तो आलाच आहे, असं धरून चालावं.

याची कारणं दोन. पहिलं सूर्याचं. डिसेंबरच्या अखेरीस रत्नागिरीत भर दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ५० अंश वर असतो. फेब्रुवारी संपताना तो ६५ अंशांपर्यंत चढतो. आकाश निरभ्र, पाऊस जवळजवळ नाहीच, त्यामुळे ऊन सरळ जमिनीवर उतरतं.

दुसरं कारण वाऱ्याचं, आणि खरी गोम तिथेच आहे. शाळेच्या भूगोलात सगळ्यांनी खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात. रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, दिवसा समुद्रावरून खारा वारा येतो. हा खारा वारा दुपारच्या आत आला, तर मुंबईचा पारा ३१-३२ अंशांवर थबकतो. पण पूर्वेकडून येणारे कोरडे, तापलेले वारे जोरात असले, तर ते त्याला किनाऱ्यावरच अडवून धरतात. खारा वारा दोन-तीन तास उशिरा आला की पारा बघता बघता ३७-३८ गाठतो. म्हणून 'उद्या किती तापमान?' या प्रश्नाइतकाच 'वारा कुठून आणि केव्हा?' हा प्रश्न महत्त्वाचा. किनारपट्टीवर उष्णतेच्या लाटेचा उंबरठा ३७ अंशांचा आहे, मैदानी भागात तो ४० चा. किनाऱ्याच्या दमट हवेत घाम लवकर सुकत नाही, त्यामुळे कमी पाऱ्यातही अंगाची काहिली होते.

घाट चढून वर आलं की चित्र पालटतं. पुण्यात फेब्रुवारीत पहाटे १३ अंशांच्या आसपास आणि दुपारी ३२, म्हणजे एकाच दिवसात जवळपास २० अंशांचा फरक. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीसाठी ज्योत न्यायला रात्रीतून शिवनेरीवर पोचणाऱ्या तरुणांना तो चांगला ठाऊक आहे: पहाटे कानटोपी लागते, अकरा वाजता तीच डोक्याला नकोशी होते. महाबळेश्वर त्या मानाने सोसवतं. मराठवाडा-विदर्भाकडे जाणाऱ्याने मात्र आभाळावरही नजर ठेवावी. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत तिथे गारपिटीने उभी पिकं झोडपली होती.

फेब्रुवारीतली ही उष्णता एखाद्या वर्षाचा अपवाद म्हणून सोडून द्यावी, तर तसंही नाही. देशाचं सरासरी कमाल तापमान पाहिलं तर २०२३ चा फेब्रुवारी १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण ठरला. त्याही महिन्यात कोकणासाठी उष्णतेचा इशारा निघाला होता. आंब्याच्या बागायतदाराला हे सांगावं लागत नाही. मोहर करपला, सुपारीएवढी कैरी गळू लागली, की त्याचा हिशेब तिथेच कोलमडतो. बागायतदाराला जे डोळ्यांनी दिसतं, ते सहल आखणाऱ्याला अजून दिसत नाही, ही तक्रार आहे.

रत्नागिरीची कातळशिल्पंच घ्या. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आली आणि पर्यटकांची पावलं तिकडे वळली. ही शिल्पं आहेत जांभ्याच्या उघड्या सड्यांवर. कशेळीचा तो विशाल हत्ती पाहायला दुपारी दोन वाजता बस थांबवायची म्हणजे माणसांना तव्यावर उभं करायचं. झाड नाही, आडोसा नाही, पायाखालचा कातळ तापलेला. तीच बस सकाळी आठला आली, तर तिरप्या उन्हात शिल्पाच्या रेषाही उठून दिसतात आणि पोरंही हसत परततात.

करायचं ते फार अवघड नाही. सहल कंपन्यांनी 'ऑक्टोबर ते मार्च' ही ओळ मोडून फेब्रुवारीचा उत्तरार्ध वेगळा दाखवावा. शाळांनी किल्ल्यांच्या आणि सड्यांच्या सहली डिसेंबर-जानेवारीतच उरकाव्यात. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख देवीच्या कौलाने ठरते, ती बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्येच येते. अशा जत्रांमध्ये रांगेवर मांडव आणि ठिकठिकाणी पिण्याचं पाणी ही सजावट नव्हे, पहिली गरज मानावी. आणि प्रवाशाने? स्वेटर घाटावरच्या मुक्कामासाठी ठेवावा. किनाऱ्यासाठी टोपी, सुती कपडे, पाण्याची बाटली आणि कोकमाचं सरबत. बारा ते चार सावलीत काढावेत, आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा जिल्हावार अंदाज एकदा उघडून पाहावा.