या ‘औषधा’ला उतारा नाही

१/ कृषी सेवा केंद्राच्या पायरीवर उभा राहिलेला शेतकरी कधी विष मागत नाही. तो ‘औषध’ मागतो. अशाच एका औषधाचा हा इतिहास आहे : पॅराक्वाट डायक्लोराइड, तण जाळणारे द्रव्य. हे बाजारात येऊन साठ वर्षे उलटली, तरी त्याच्या विषबाधेवर खात्रीचा उतारा अद्याप सापडलेला नाही. #थ्रेड

२/ त्याच्या समर्थनार्थ एक वाक्य नेहमी ऐकू येते : ‘दोष औषधाचा नाही, गैरवापराचा आहे.’ हे वाक्य वस्तुस्थितीचे निदान म्हणून मांडले जाते. इतिहासाच्या कसोटीवर ते टिकत नाही, हे मला दाखवायचे आहे.

३/ हा रेणू प्रथम १८८२ मध्ये तयार झाला, तेव्हा त्याचा शेतीशी काडीचाही संबंध नव्हता. १९३३ च्या सुमारास तो प्रयोगशाळेत रंगसूचक म्हणून वापरला जाऊ लागला. इलेक्ट्रॉन मिळताच तो निळा-जांभळा होतो. म्हणून नाव पडले ‘मिथिल व्हायोलोजेन’. त्याचा तणनाशक गुण हेरला गेला १९५५ मध्ये, इंग्लंडमधील आयसीआय कंपनीच्या जेलॉट्स हिल येथील संशोधन केंद्रात. १९६२ पासून तो ‘ग्रामोक्सोन’ या नावाने विकला जाऊ लागला.

४/ रंगसूचकाचा गुण हाच त्याचा मारक गुण. प्रकाशसंश्लेषण चालू असताना तो पानातले इलेक्ट्रॉन वाटेतच हिसकावतो आणि ऑक्सिजनच्या हवाली करतो. त्यातून सुपरऑक्साइड हे विध्वंसक रूप जन्मते आणि पेशींची आवरणे फाटतात. इलेक्ट्रॉन देऊन मोकळा झालेला रेणू पुढच्या चोरीस पुन्हा सिद्ध असतो. म्हणूनच लख्ख उन्हात फवारलेले तण काही तासांतच माना टाकते.

५/ माणसाच्या शरीरात याला सूर्यप्रकाशाचीही गरज उरत नाही. फुफ्फुसातील पेशी वेगळ्याच रेणूंसाठी असलेल्या दारातून पॅराक्वाटला आत घेतात आणि साठवतात. तिथे ऑक्सिजन मुबलक असतो, त्यामुळे तेच चक्र अखंड फिरते. मूत्रपिंडे निकामी होतात. फुफ्फुसाचे मऊ ऊतक व्रणासारखे घट्ट होत जाते. रुग्ण कित्येकदा दिवसचे दिवस शुद्धीवर असतो, बोलत असतो आणि त्याचा श्वास मात्र तोकडा होत जातो.

६/ धाप लागलेल्या रुग्णाला ऑक्सिजन लावणे हा वैद्यकाचा पहिला धर्म. इथे तोच ऑक्सिजन आगीत तेल ठरतो. म्हणून डॉक्टरांना तो अगदी नाइलाज होईपर्यंत हात राखून द्यावा लागतो. रक्तशुद्धी, स्टेरॉइड, इतर उपाय योजून पाहिले गेले. खात्रीचा एकही नाही.

७/ आता ‘गैरवापरा’कडे येऊ. १९६६ मध्येच ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात चुकून पोटात गेलेल्या पॅराक्वाटच्या मृत्यूंची नोंद आहे. तपकिरी द्रव, शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवलेला. पुढे त्यात निळा रंग आला, उग्र दर्प आला, १९७० च्या दशकाच्या अखेरीस वांती करवणारे द्रव्यही आले. म्हणजे चुका होणारच, हे उत्पादकांना ठाऊक होते. घरातला एक घोट प्राणघातक ठरू शकतो अशा द्रव्याच्या बाबतीत चूक हा अपवाद मानताच येत नाही. तो वापराचाच भाग असतो.

८/ लेबलावरच्या सूचनाही वाचा : हातमोजे, चष्मा, मुखपट्टी, पूर्ण बाह्यांचे कपडे. आणि डोळ्यांसमोर आणा एप्रिल-मे मधले रान, पाठीवर गळका पंप, अंगाला काट्याकुट्यांनी पडलेले ओरखडे. निरोगी त्वचेतून पॅराक्वाट फारसे शिरत नाही हे खरे. पण जखमी किंवा बराच वेळ भिजलेल्या त्वचेतून ते शिरते आणि त्याने माणसे दगावली आहेत.

९/ जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात पॅराक्वाट ‘मध्यम धोकादायक’ गटात आहे. हा गट मुख्यतः उंदरांवरील मारक मात्रेवरून ठरतो. विषबाधा झाल्यावर माणूस वाचवता येईल का, हा प्रश्न त्या मोजपट्टीत नाहीच.

१०/ स्वीडनने १९८३ मध्ये आणि स्वित्झर्लंडने १९८९ मध्ये त्यावर बंदी घातली. युरोपीय संघाने २००३ मध्ये दिलेली मान्यता स्वीडनच्या दाव्यावरून न्यायालयाने ११ जुलै २००७ रोजी रद्द केली. तरीही इंग्लंडमधील हडर्सफील्डच्या कारखान्यातून परदेशी पाठवण्यासाठी उत्पादन चालूच राहिले. चीननेही २०१६ पासून द्रवरूप पॅराक्वाटची देशांतर्गत विक्री थांबवली, निर्यात ठेवली. स्वतःच्या शेतकऱ्याला नको ते दुसऱ्याच्या शेतकऱ्याला चालते, हा न्याय कुठला?

११/ ‘मजूर मिळत नाहीत, निंदणी परवडत नाही.’ हा आक्षेप खरा आहे आणि तो तुच्छतेने झटकणे हा शहरी उद्दामपणा ठरेल. पण दक्षिण कोरियाने २०१२ मध्ये पॅराक्वाट बंद केले, श्रीलंकेने २००८ पासून टप्प्याटप्प्याने. दोन्हीकडे कीटकनाशके-तणनाशकांनी होणाऱ्या आत्महत्या लक्षणीय घटल्या आणि अभ्यासकांना पिकांच्या उत्पादनात त्यामुळे घट आढळली नाही. आवेगाच्या क्षणी हाताशी असलेले विष बदलले, तर माणसे वाचतात.

१२/ पार्किन्सन आजाराशी असलेल्या संबंधाचा वाद अजून मिटलेला नाही. माझा युक्तिवाद त्यावर उभाही नाही. उतारा नसणे एवढे एकच कारण मला पुरेसे वाटते.

१३/ आपला कीटकनाशक कायदा १९६८ चा. त्यामागे १९५८ मध्ये केरळ-मद्रासकडे पॅराथिऑन मिसळलेल्या अन्नाने शंभरावर माणसे दगावल्याची घटना आहे. मृत्यू आधी, कायदा दहा वर्षांनी. त्याच कायद्याचे कलम २७ राज्यांना तातडीची बंदी घालू देते, ती ६० दिवसांची. २०१७ मध्ये यवतमाळच्या फवारणीतील विषबाधांनंतर महाराष्ट्राने काही कीटकनाशकांवर घातलेली बंदीही तेवढीच होती. ती द्रव्ये वेगळी होती, दुखणे हेच. नोंदणी कायमची रद्द करण्याचा अधिकार केंद्राकडे आहे.

१४/ म्हणून मागणी एकच : केंद्राने पॅराक्वाटची नोंदणी रद्द करावी आणि निंदणीच्या खर्चासाठी, अवजारांसाठी अल्पभूधारकाला मदत द्यावी. तोवर निदान आपण बोलण्यापुरते तरी प्रामाणिक राहू आणि त्याला ‘औषध’ म्हणणे थांबवू. समाप्त.