पिंजऱ्यातल्या जन्माचा दाखला कोण देणार?

विदेशी प्राणी पाळणारे आणि विकणारे हल्ली एक युक्तिवाद फार आत्मविश्वासाने करतात. अजगर, सरडे, कासवे, रंगीत पोपट यांची पिंजऱ्यात मोकळेपणाने पैदास होऊ द्या. बाजारात पिल्ले भरपूर आली की भाव उतरतील, तस्कराचा धंदा बसेल आणि जंगलातला प्राणी आपोआप वाचेल. हे म्हणणारे सगळेच लबाड नसतात. त्यांतल्या कितीतरी जणांचा आपल्या प्राण्यांवर खरा जीव असतो. म्हणूनच त्यांना नुसते दोषी ठरवून भागणार नाही, उत्तर द्यावे लागेल.

या म्हणण्यात तथ्य आहे तेवढे आधी मान्य करू. ऑस्ट्रेलिया आपले रानपक्षी पाळीव व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही, तरी आपल्याकडे घरोघरी दिसणारी बजी मूळची तिथलीच. ती झटपट वाढते, थोड्या दाण्यावर जगते, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मते. तिला रानातून पकडून आणण्यात कुणाचाही फायदा उरलेला नाही. म्हणजे पैदाशीने तस्करी थांबू शकते. मात्र पकडण्यापेक्षा वाढवणे स्वस्त पडले, तरच.

ही अट आपल्या स्टार कासवाला लावून पाहा. मादी वयात यायलाच काही वर्षे जातात आणि एका खेपेला ती अंडी मोजकीच घालते. तोवरचा चारा, ऊब, औषधपाणी सगळे पैदास करणाऱ्याच्या माथी. उलट माळावर सापडलेल्या कासवाचा खर्च म्हणजे ते वेचून आणणाऱ्या गरीब माणसाच्या हातावर टेकवलेले चार पैसे. भारतातल्या एकाच संकलन केंद्रातून वर्षाला किमान 55,000 स्टार कासवे उचलली जात असल्याचे 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले. 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापारावरच्या साइटीस कराराने या कासवाला सर्वांत कडक संरक्षणाच्या पहिल्या परिशिष्टात घातले. परदेशात पिंजऱ्यात जन्मलेली म्हणून विकली जाणारी स्टार कासवे त्याआधीही होतीच. त्यांच्यामुळे आपल्या माळावरची वेचणी थांबली नव्हती.

खरी मेख कागदात आहे. सीमेवरचा अधिकारी पिल्लू पाहतो आणि परवाना पाहतो. पिल्लाचा जन्म त्याने पाहिलेला नसतो. इंडोनेशियातल्या हिरव्या अजगराचे उदाहरण या बाबतीत डोळे उघडणारे आहे. या सापाची पिल्ले पिवळीधमक किंवा तांबडी असतात आणि मोठेपणी हिरवी होतात. या रंगांपायी जगभरातून त्यांना मागणी येते. दोन संशोधकांनी तिथल्या व्यापाऱ्यांचा माग काढला आणि रानातून बेकायदा पकडलेल्या 4,227 सापांची नोंद केली. त्यांनी 2011 मध्ये मांडलेला निष्कर्ष असा, की इंडोनेशियातून दरवर्षी निर्यात होणाऱ्या या अजगरांपैकी किमान 80 टक्के रानातले असतात. कागदोपत्री ते पैदास केंद्रात जन्मलेले होते. जंगल लुटायचे आणि लुटीवर पैदास केंद्राचा शिक्का मारायचा, असा हा व्यवहार.

त्याच देशाने 2014 मध्ये तीस लाख जिवंत टोके सरडे ‘पैदाशीतले’ म्हणून निर्यात करायला मुभा दिली. ट्रॅफिक या संस्थेने साधा हिशेब मांडला. त्यांतले नुसते दहा लाख सरडे द्यायचे तरी 1,40,000 माद्या आणि 14,000 नर लागतील, शिवाय एक लाखाहून जास्त पिंजरे. असे केंद्र लपवून ठेवता येण्यासारखे नाही. पण मुभा देताना हा हिशेब कुणी मागितला नाही.

हे सगळे दूरदेशीचे आहे असे वाटत असेल, तर मुंबई विमानतळाकडे या. 2025 च्या जूनच्या सुरुवातीला थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात कस्टम अधिकाऱ्यांना 47 विषारी साप सापडले. त्यांतले 44 इंडोनेशियातले, आपल्या चापड्याच्या कुळातले. उरलेले तीन कोळीशेपटीचे शिंगाळे साप, म्हणजे पश्चिम इराणच्या डोंगरातले. शेपटीच्या टोकाला कोळ्यासारखा आकार असतो. तो हलवून हा साप पक्ष्यांना जवळ बोलावतो. शास्त्राला त्याची ओळख पटली ती 2006 मध्ये. इराणचा साप आणि इंडोनेशियाचा साप थायलंडमार्गे एकाच बॅगेतून मुंबईत उतरतात, याचा अर्थ इथे गिऱ्हाईक तयार आहे. त्याआधीच्या साडेतीन वर्षांत थायलंड ते भारत या हवाई मार्गावर मेलेले आणि जिवंत मिळून 7,000 हून अधिक प्राणी पकडले गेले, असे ट्रॅफिकने त्याच सुमारास सांगितले. हे फक्त पकडलेले.

आणि या गिऱ्हाइकाला आपणच सवलत दिली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात विदेशी प्रजातींना जवळजवळ जागाच नव्हती. विमानतळाचे दार ओलांडले, की तस्करीचा अजगर कुणाच्याही बैठकीत बिनघोर राहू शकत होता. जून 2020 मध्ये केंद्राने सहा महिन्यांची मुदत देऊन सांगितले, की स्वतःहून जाहीर करा, कागदपत्रे विचारणार नाही. हेतू नोंद व्हावी हा असेल. पण चोरून आणलेल्या प्राण्याला त्या दिवसापासून सरकारी कागद मिळाला, आणि त्याच्या पिल्लांना ‘इथेच जन्मलेले’ म्हणवून घेण्याची सोय झाली. माझ्या मते ही मोठी चूक होती. पुढे 2022 ची कायदादुरुस्ती आली आणि 2024 च्या नियमांनी परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदणी सक्तीची केली. ते योग्यच झाले. पण मालक सांगेल ते लिहून घेणे म्हणजे तपासणी नाही.

पैदासवाल्यांचे सर्वांत भारी प्रमाण म्हणजे ब्राझीलचा स्पिक्स मकाव. रानातला शेवटचा पक्षी 2000 मध्ये दिसेनासा झाला आणि पिंजऱ्यांतल्या पक्ष्यांच्या पैदाशीतून 2022 मध्ये काही पक्षी पुन्हा रानात सोडता आले. हे यश खरे आहे. मात्र त्याला रानातून संपवण्यात पिंजऱ्यासाठी झालेल्या पकडापकडीचाही हात होता. शिवाय तो परत आला तो संवर्धनाच्या शिस्तबद्ध कार्यक्रमातून, दुकानातल्या विक्रीतून नव्हे. उलट मादागास्करमध्ये नांगरफाळ कासवाच्या संवर्धन केंद्रातूनच 1996 मध्ये 75 कासवे चोरीला गेली. बाजारात मागणी जिवंत असेल तर संवर्धनासाठी केलेली पैदाससुद्धा चोराला वाट दाखवते.

‘बंदी घातली की धंदा भूमिगत होतो’ या आक्षेपातही दम आहे, म्हणून मी सरसकट बंदी मागत नाही. नॉर्वेत सरपटणारे प्राणी पाळायला कित्येक वर्षे बंदी होती आणि लोक चोरून पाळत होते. 2017 मध्ये त्यांनी 19 प्रजातींची यादी केली: एवढेच पाळा, बाकी नाही. बेल्जियमने सस्तन प्राण्यांसाठी अशी यादी त्याआधीच लागू केली होती. आपल्याला हेच हवे. ज्यांची पैदास सहज होते आणि ज्यांना पकडून आणण्यात कुणाचा फायदा नाही, अशांची छोटी यादी. यादीत नाही तो प्राणी विकता येणार नाही. यादीतल्या प्राण्यांच्या बाबतीतही शाबितीची जबाबदारी विक्रेत्याची. हिरव्या अजगराच्या अभ्यासकांनी सुचवले होते, की पैदास केंद्रांनी अंड्यांची टरफले जपून ठेवून दाखवावीत. इतकी साधी अटही आपल्याकडे घालता येईल. शंका आली तर पिल्लाची आणि आई-बापांची डीएनए चाचणी करावी. वन्यजीवांच्या अशा तपासण्या करणारी प्रयोगशाळा हैदराबादेत सीसीएमबी या संशोधन संस्थेकडे आहे.

कायदा यायचा तेव्हा येईल. तोवर तुमच्या घरात मूल अजगराच्या किंवा मकावच्या पिल्लासाठी हट्ट धरून बसले असेल, तर विक्रेत्याकडे त्याच्या आई-बापांचे नोंदणीचे कागद मागा. ते नसतील तर पैसे देऊ नका. आणि तो स्टार कासव दाखवू लागला, तर कागदही मागू नका. महाराष्ट्र वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा.