म्हणे एक हिटलर पाहिजे!

गेल्या शनिवारी हुपरीला घरी गेलो होतो. संध्याकाळी काकांच्या चांदीच्या कारखान्यात पैंजणांचं काम बघत गप्पा चालल्या होत्या. खड्डे, लाइट, नेतेमंडळी... आणि गाडी शेवटी नेहमीच्याच स्टेशनावर आली. काका म्हणाले, "ह्या देशाला एक हिटलरच पाहिजे बघ. पाच वर्षं दे त्याला, सगळं सरळ करतोय."

काकांचं सोडा हो. हेच वाक्य मी पुण्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्येही ऐकतो, तेही दोन-दोन डिग्र्या घेतलेल्यांकडून. त्यांच्यासाठी ही पोस्ट.

पहिला मुद्दा, 'पाच वर्षं'. जर्मन संसदेने मार्च १९३३ मध्ये हिटलरला कायदे करायचा अधिकार दिला, तो फक्त चारच वर्षांसाठी! मुदत संपली तेव्हा 'नाही' म्हणायला विरोधी पक्षच उरला नव्हता. मुदत वाढत गेली, आणि संपलं ते थेट १९४५ मध्ये, देशाची राख झाल्यावर. प्रॉडक्शनचा रूट पासवर्ड एकालाच द्यायचा, लॉग बंद करायचे आणि वर म्हणायचं, 'नंतर काढून घेऊ'. कोणाकोणाला जमलंय?

दुसरा मुद्दा, 'हुकूमशहा चुकत नाही'. जर्मनी हल्ला करणार अशा इशाऱ्यांवर इशारे येत होते, पण स्टालिनने ते मानले नाहीत. त्याला तोंडावर 'साहेब, चुकताय' म्हणणार कोण? २२ जून १९४१ ला हल्ला झाला, आणि त्या चुकीची किंमत लाखो सैनिकांनी भरली.

आणि 'ते लांब युरोपात झालं, आपल्याला काय' म्हणणाऱ्यांनी आमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला यावं. ऑगस्ट १९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिनने करार केला आणि सप्टेंबरात पोलंड वाटून घेतला. १९४० पासून स्टालिनने पूर्व पोलंडमधली लाखो माणसं घरातून उचलून सायबेरिया, कझाकस्तानात टाकली. पुढे हिटलर त्याच्यावरच उलटला, तेव्हा यांची सुटका झाली. त्यातले बरेचजण १९४२ मध्ये इराणमार्गे बाहेर पडले, आणि १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश लोक वळिवड्याच्या छावणीत राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. थंडीत गोठलेल्या पोरांना पंचगंगेकाठी ऊन मिळालं.

बरं, हिटलर हरला. मग ही माणसं घरी गेली का? १९४५ मध्ये याल्टाला बड्या राष्ट्रांनी पूर्व पोलंड स्टालिनकडेच राहू दिला. युद्ध जिंकलेल्या बाजूची माणसं, आणि त्यांचं गावच परक्या देशात! १९४८ ला छावणी बंद झाली, तेव्हा त्यातले कित्येक इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, जिथे जागा मिळेल तिथे पांगले. पुढे त्याच जागी फाळणीने घर गमावलेले सिंधी आले. तेच आपलं गांधीनगर.

आपली लोकशाही संथ आहे, वैतागवाणी आहे, मान्य. खड्डा बुजायला दोन पावसाळे जातात. पण खड्ड्यावरून मी नगरसेवकाला शिव्या घालतो आणि रात्री घरी येऊन निवांत झोपतो. पहाटे दारावर थाप पडेल ही भीती नसते. ही सोय फुकटची वाटते, कारण ती जाताना आपण बघितलेली नाही.

हे सगळं काकांना सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे ताईच्या लग्नाचा बस्ता आपण त्या छावणीतच बांधला म्हण की!"

हो काका, तिथेच.